मराठवाड्यात राहून ट्रेड शिकायचाय: एका मामांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यातल्या एका मामांनी विचारलंय. भाचा दहावीला 61 टक्के घेऊन पास झालाय. घरी 3 एकर कोरडवाहू. पोरगं सुट्टीत गावातल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतं, त्यात त्याचा जीव रमतो. पुण्याहून आलेला एक जण 90,000 रुपयांत सहा महिन्यांचा कोर्स आणि वर 'नोकरीची हमी' देतोय. भाची बारावी झालीय, पण तिला लांब पाठवायला घरचे तयार नाहीत. मराठवाड्यातच काही धड शिकायला मिळेल का, आणि ते शोधायचं कसं?

मिळतं, आणि वाटतं त्यापेक्षा जवळ मिळतं. मी फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे काम शिकवणारा, होतो. सगळी नोकरी मराठवाड्यातल्या शासकीय आयटीआयमध्येच झाली, गट निदेशक म्हणून निवृत्त झालो.

आधी त्या 90,000 रुपयांचं बोलू, कारण तो माणूस आज-उद्या ॲडव्हान्स मागेल. देऊ नका. त्याला विचारा: शेवटची परीक्षा कोण घेतं? प्रमाणपत्रावर कुणाचा शिक्का असतो? एका मशीनवर किती पोरं असतात? सरळ उत्तर आलं नाही तर विषय तिथेच संपवा. अशी हमी बहुतेक वेळा गुत्तेदाराच्या हजेरीपटावर जाऊन थांबते. बारा तासांची पाळी, रोजावर पगार आणि काही महिन्यांनी ब्रेक. तसलं काम छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर उभं राहिलं तरी मिळतं, त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. 3 एकर कोरडवाहूत खर्च वजा जाता सोयाबीनच्या एका हंगामात एवढी रक्कम हाती राहत नाही. अशा घरातून ती काढून नेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता मुद्द्याचं. कोर्सचं नाव, प्रमाणपत्र, इमारत हे सगळं नंतर. आधी वर्कशॉप बघायचं. प्रॅक्टिकलचे तास चालू असताना जा, भाच्याला सोबत घ्या, प्राचार्यांना भेटा आणि 'वर्कशॉप बघायचंय' एवढंच सांगा. चांगल्या संस्थेत याला कुणी नाही म्हणत नाही.

फिटर शॉपमध्ये, म्हणजे फिटरच्या वर्कशॉपमध्ये, बेंचला लावलेले वाइस (तुकडा घट्ट पकडायचे शिकंजे) बघा. जबडे वापरून चकचकीत झालेले असतील आणि खाली लोखंडाचा कीस पडला असेल, तर पोरं काम करतात. वाइसला गंज आणि बेंचवर धूळ असेल, तर ती बॅच नुसती फळ्यावर शिकतेय. एखाद्या पोराच्या हातातला जॉब, म्हणजे तो घडवत असलेला तुकडा, मागून घ्या. फिटरच्या पोराला सुरुवातीचे आठवडे एकच काम असतं: माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीने घासून सपाट करायचा आणि काटकोनात आणायचा. तुकड्याला ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचा. हाताला फोड येतात, पोरं वैतागतात. पालक येऊन विचारतात, "सर, आता सगळं सीएनसीवर होतं, हे कशाला?" सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. पण त्या तुकड्यावर हात बसतो आणि डोळा तयार होतो. पुढे सीएनसीवर माप किंचित चुकलं की ज्याला मशीनचा आवाज आणि जॉबची कड बघून आधीच शंका येते, त्याने इथे मन लावून घासलेलं असतं.

वेल्डर शॉपमध्ये जमिनीवर जळून उरलेली रॉडची टोकं दिसतात का ते बघा, आणि एका पोराला दिवसाला किती रॉड मिळतात ते पोरांनाच विचारा. इलेक्ट्रिशियनच्या शॉपमध्ये मोटारी उघडलेल्या दिसल्या पाहिजेत, कपाटात रंग मारून मांडून ठेवलेल्या नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या ट्रेडचा निदेशक आहे का हे विचारा. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी पदं रिकामी राहतात आणि एकाच निदेशकाला दोन-दोन बॅचा ओढाव्या लागतात. जुनी मशीन असलेल्या शॉपमध्ये चांगला निदेशक असेल तर पोरगं तयार होतं. नवी मशीन आली आणि शिकवणारा नसला, तर ती झाकूनच राहतात. दोन आयटीआयमधून निवडायची वेळ आली, तर अंतर आणि इमारत बघू नका, त्या ट्रेडच्या निदेशकाशी दहा मिनिटं बोला.

भाच्यासाठी ट्रेड कोणता? मोटारीत जीव रमतो म्हणताय, तर पहिला विकल्प इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांचा ट्रेड आहे, मोटार वाइंडिंग अभ्यासक्रमातच येतं. अडचण अशी की आयटीआयमध्ये सगळ्यात जास्त ओढा याच ट्रेडला असतो आणि एका युनिटला, म्हणजे एका बॅचला, जागा असतात 20. प्रवेश दहावीच्या गुणांवर लागतो. त्यामुळे 61 टक्क्यांना जालन्याला नाव लागेलच असं समजू नका. परतूर, सेलू, जिंतूर या बाजूच्या आयटीआयही विकल्पांत टाका. त्यानंतर वायरमन, तोही दोन वर्षांचा. वायरमन आणि वेल्डर अशा काही ट्रेडना आठवी पासही चालतो, म्हणून लोक त्यांना हलकं समजतात. तसं ते नाही. वीज कंत्राटदाराकडे अधिकृत तारतंत्री म्हणून काम करायला परवाना लागतो आणि त्याची वाट वायरमनच्या ट्रेडमधून जाते.

रिवाइंडिंगबद्दल एक सांगतो, कारण पोराच्या पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न आहे. रब्बीत व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात, त्यावर गावोगावची दुकानं चालली. आता शेतात सौर पंप येताहेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला खर्चाच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 5 टक्केच भरावे लागतात, त्यामुळे मागणी भरपूर आहे. या पंपांत बिघाड झाला की पॅनलची जोडणी, कंट्रोलर, केबल, मोटार हे सगळं तपासावं लागतं, आणि नुसती तार गुंडाळता येणारा कारागीर तिथे अडतो. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या बाजारपेठेत दुकान चालवतो. त्याच्या टेबलावर आता वाइंडिंगच्या तारेपेक्षा मल्टिमीटर आणि उघडलेले कंट्रोलर जास्त असतात. भाच्याला दुकानात बसू द्या, पण सोबत इलेक्ट्रिशियनचा पाया भक्कम करून घ्या. आयटीआय सुरू व्हायला वेळ असेल तर मधल्या काळात दुकान सोडायला लावू नका. तिथे जे हाताला लागतं ते कुठल्याही वर्गात मिळत नाही.

प्रवेशाची पद्धत. शासकीय आणि खासगी आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात. अर्ज भरायचा, जवळच्या आयटीआयमध्ये कागदपत्रं दाखवून तो निश्चित करायचा, मग विकल्प भरायचे. वय 14 पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. लोक चुकतात ते विकल्प भरताना. नेट कॅफेवाल्याला 'टाका काही पण' म्हणतात, तो यादीत वर दिसेल ते टाकतो. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या केंद्रीय फेऱ्यांतून नाव जातं आणि शेवटच्या समुपदेशन फेरीची वाट बघावी लागते. म्हणून विकल्पांचा क्रम घरी कागदावर लिहून न्या, आणि पहिल्या जागी तेच टाका जे मिळालं तर खरंच घ्यायचं आहे.

खासगी आयटीआय वाईटच असतात असं नाही, काही ठिकाणी मशीन सरकारीपेक्षा चांगली असतात. पण मान्यता संस्थेला सरसकट नसते, ती ट्रेडनुसार आणि युनिटनुसार असते. बोर्डावर सहा ट्रेड आणि मान्यता दोनांचीच, असे प्रकार होतात. तुम्हाला हवा तो ट्रेड केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या यादीत त्या संस्थेच्या नावापुढे आहे का, ते बघूनच पैसे भरा. आणि 'हजेरीला यायची गरज नाही, परीक्षेला या' असं कुणी म्हणालं तर उठून या. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. ती कागदावर लावून देणारा माणूस पोराची दोन वर्षं विकतोय.

आता ज्याबद्दल फार कमी लोक विचारतात आणि ज्याने खरा फरक पडतो, ते म्हणजे शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप: कंपनीत विद्यावेतन घेऊन काम शिकणं. कायदा 1961 चा आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला दरमहा किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. त्याचा काही भाग केंद्र सरकार कंपनीला परत देतं, त्यामुळे 'आम्हाला परवडत नाही' हे कारण फारसं टिकत नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र हातात आल्यावर पोरं थेट कंत्राटी कामाला लागतात, कारण पहिल्या महिन्यात दोन-तीन हजार जास्त दिसतात. माझ्या मते तिथेच ती मागे पडतात. वर्षभराच्या अप्रेंटिसशिपनंतर परीक्षा होते, राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं, आणि महावितरण, रेल्वे, एसटी किंवा मोठ्या कंपन्यांच्या दारात ते वजन टाकतं.

कुठे मिळते? वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा हे सगळ्यांना माहीत आहे. पण परळीचं औष्णिक वीज केंद्र, महावितरणची विभागीय कार्यालयं, एसटीची चिकलठाण्याची मध्यवर्ती कार्यशाळा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विभागीय कार्यशाळा, दक्षिण मध्य रेल्वे हे सगळे अप्रेंटिस घेतात. रेल्वेची जाहिरात सिकंदराबादहून निघते, म्हणून आपल्याकडच्या पोरांच्या नजरेतून ती सुटते. तिथे दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत इलेक्ट्रिशियन, वेल्डर, क्रेन चालवणारा हे कायम लागतात. काम उष्णतेचं आणि जोखमीचं आहे, सुरक्षेची साधनं देतात का हे बघूनच पाठवा.

साखर कारखान्याचं मुद्दाम सांगतो. आपल्या बीड, परभणी, लातूर, धाराशिव, जालना भागात कारखाना म्हणजे फक्त ऊस नेणारी जागा असं समजलं जातं. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं, उन्हाळ्यापर्यंत चालतं, मग कारखाना बंद दिसतो. अप्रेंटिसला सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते या बंद काळातच. मिल उघडतात, रोलर बाहेर काढतात, बेअरिंग, गिअरबॉक्स, पंप, टर्बाइन, बॉयलरच्या नळ्या सगळं खोललं जातं आणि पुन्हा जोडलं जातं. सहा महिन्यांत फिटरच्या पोराला जेवढी यंत्रं आतून दिसतात, तेवढी मोठ्या कंपनीच्या असेंब्ली लाइनवर तीन वर्षांत दिसत नाहीत. ज्या घरांतून मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलला जातो, त्या घरातलं लेकरू त्याच कारखान्याच्या मिल हाउसमध्ये फिटर म्हणून उभं राहिलेलं मी पाहिलंय. ते व्हावं असं मला फार वाटतं.

अप्रेंटिसशिप घेताना एक गोष्ट पक्की करा. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर पोराचा करार नोंदलेला असला पाहिजे आणि त्याचा क्रमांक तुमच्याकडे असला पाहिजे. करार नसेल तर कंपनी तोंडाने काहीही म्हणो, तो कामगारच आहे, तोही स्वस्तातला. माहितीसाठी जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात जा. नाव अवघड आहे, लोक 'बीटीआरआय' म्हणतात. कोणत्या आस्थापनेत कोणत्या ट्रेडच्या जागा आहेत हे तिथे विचारता येतं, आणि तिथे जाणारे पालक फार थोडे असतात.

भाच्याचं गणित बरं असेल तर आणखी दोन दारं छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाणा एमआयडीसीत आहेत. इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची संस्था. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे, प्रवेश परीक्षा असते. फी आयटीआयपेक्षा बरीच जास्त आहे, पण साचे आणि डाय बनवणाऱ्या माणसाला वाळूजमध्येच नव्हे, देशात कुठेही काम आहे. तिथे सीएनसीचे छोटे कोर्सही चालतात, आयटीआय झालेल्या पोराने ते जरूर करावेत. दुसरी संस्था सिपेट, प्लास्टिकची. दहावीनंतर तीन वर्षांचे डिप्लोमे, त्यालाही प्रवेश परीक्षा. दोन्हींचे फॉर्म आयटीआयच्या आधी सुटतात, आणि निकालानंतर शोधायला लागलेली पोरं त्यांना मुकतात. यंदा हुकलं तरी हरकत नाही. दोन वर्षांचा आयटीआय करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

बिडकीनला टोयोटा किर्लोस्करने प्रकल्पासाठी 2024 मध्ये राज्य सरकारशी करार केला, लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला. अशा बातम्या वाचून ट्रेड निवडू नका. कारखाना सुरू व्हायला वर्षं लागतात, आणि सुरू झाला तरी त्याला लागतात ते फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्टच.

आता भाचीबद्दल. घरचे लांब पाठवत नाहीत म्हणून तिला सरळ शिवणक्लासला घालू नका. शिवणकाम वाईट म्हणून नव्हे. तीन महिन्यांच्या क्लासमधून बाहेर पडलेली बाई फॉल-पिको आणि साध्या ब्लाउजवर अडकते, आणि तेवढं करणाऱ्या गावात आधीच चार जणी असतात. शिवणच आवडत असेल तर आयटीआयचा सुइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड करू द्या. त्यात मापं, ड्राफ्टिंग, कटिंग नीट शिकवतात, आणि पैसा कटिंगमध्ये आहे. मुलींची गर्दी असते ती कोपाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या एक वर्षाच्या ट्रेडला. तालुक्याला अपडाउन करून होतो, पण नुसत्या कोपावर काही होत नाही. सोबत टॅली आणि सरकारी टायपिंगची परीक्षा केली तर उपयोग. मला विचाराल तर तिने इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा विचार करावा. आयटीआयमध्ये मुलींना 30 टक्के जागा राखीव आहेत आणि तांत्रिक ट्रेडमध्ये त्या मागायला मुलीच येत नाहीत. माझ्या शॉपमध्ये आलेल्या मुलींचं कानशीचं काम मुलांपेक्षा साफ असायचं, कारण त्या घाई करत नसत.

घर अजिबातच तयार नसेल तर आरसेटीपासून सुरुवात करा. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याला एक असते, बँक चालवते. वय 18 पूर्ण हवं. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. कोर्स काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे असतात: मोबाईल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, शेळीपालन, शिवण, मोटार रिवाइंडिंग. नंतर बँकेच्या कर्जासाठी पाठपुरावाही करतात. महिलांची बॅच कधी लागणार ते विचारून तिच्या आईला सोबत घेऊन जा आणि राहायची जागा दाखवा. महिनाभर पोरगी बाहेर राहून नीट परत आली की घराची ना बरीच सैल होते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. शेतीतच काही करायचं असेल तर तुमच्या जिल्ह्यात खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे प्रक्रिया उद्योग आणि रोपवाटिकेची चौकशी करा.

काम शिकून झाल्यावर दुकान टाकायचा विचार असेल तेव्हा महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राकडे वळा. 1988 पासूनची संस्था आहे, मुख्यालय संभाजीनगरलाच. पण ते नंतर. आधी हाताला काम यायला हवं.

खर्चाचं म्हणाल तर शासकीय आयटीआयची फी गरीब घराला झेपेल एवढीच असते. खरा खर्च येण्याजाण्याचा. एसटीचा विद्यार्थी पास काढा, आयटीआयच्या पोरांनाही भाड्यात 66.67 टक्के सवलत मिळते. खासगी आयटीआयला नंबर लागला तर महाडीबीटीवर फी परताव्याचा अर्ज वेळेत भरा. गावाहून पहिली बस किती वाजता आहे आणि शॉप किती वाजता सुरू होतं, याचा मेळ आधीच घाला. पावसाळ्यात बस चुकली, हजेरी गेली, मग पोरगं लाजेने जायचंच बंद झालं, अशा गळतीला मी कंटाळलो होतो. बस जमत नसेल तर वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करा.

या आठवड्यात शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, अधिवास, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर एका फाइलमध्ये लावा. नॉन-क्रीमीलेअरला वेळ लागतो, तहसीलला तेवढं आधी टाका. मग परतूर आणि जालना या दोन ठिकाणची इलेक्ट्रिशियनची शॉप बघून या, आणि विकल्पांचा क्रम भरण्याआधी मला कळवा. पहिल्या फेरीत पहिल्याऐवजी खालचा विकल्प लागला तर तेही कळवा, म्हणजे तिथे प्रवेश घ्यायचा की पुढच्या फेरीला थांबायचं ते बघता येईल.